विषादाचें रसायन

मनुष्याच्या दुःखाचें कारण शोधण्याची धडपड मनुष्याइतकीच जुनी आहे. कारण बाहेर दिसत असेल, म्हणजे मूल गेलें, पीक बुडालें, लोकांत अपमान झाला, तर शोध फार दूर जात नाहीं. परंतु कांहीं दुःखें अशीं असतात कीं त्यांच्याकडे बोट दाखवून 'हें पहा कारण' असें म्हणतां येत नाहीं. घरांत अन्न आहे, माणसें आहेत, मान आहे. आणि तरीहि एखादा मनुष्य पहांटे तीन वाजतां जागा होतो, उजाडण्याची त्याला धास्ती वाटते, जेवणाची चव जाते, आवडीचें पुस्तक हातांत घेऊन तो तासभर एकाच पानाकडे पाहत राहतो. ग्रीक वैद्यांनीं या स्थितीला काळ्या पित्ताचा प्रकोप म्हटलें, आणि युरोपीय भाषांतील 'मेलँकोलिया' या शब्दांत तें काळें पित्त अजून शिल्लक आहे. आपल्या चरकसंहितेनें वात, पित्त व कफ हे शरीराचे दोष सांगून रज व तम हे मनाचे दोष म्हणून वेगळे काढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काळ्या पित्ताची जागा एका नव्या शब्दानें घेतली. 'मेंदूंतलें सेरोटोनिन कमी झालें आहे' हें वाक्य आज सुशिक्षित घरांत सहज ऐकूं येतें. तें कोठून आलें, कोणत्या पुराव्यावर उभें राहिलें आणि त्यांतील किती भाग कसोटीला उतरला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा इतिहास मनोरंजक आहे. पण त्या एका वाक्यावर अनेकांचें औषधपाणी, अनेकांचा स्वाभिमान आणि कित्येक घरांतील शांतता अवलंबून असल्यामुळें तो केवळ मनोरंजनार्थ वाचण्यासारखा नाहीं.

कथेचा आरंभ मनांत होत नाहीं, दुधांत होतो. प्रथिनावर असेटिक आम्ल व तीव्र गंधकाम्ल घातलें असतां जांभळा रंग उमटतो, ही आदामकिएविचची कसोटी एकोणिसाव्या शतकांतील रसायनशाळांत रूढ होती. ती कधीं लागू पडे, कधीं पडत नसे. केंब्रिजचे फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनीं या लहरीपणाचा माग काढला, तेव्हां आढळून आलें कीं शुद्ध असेटिक आम्लानें रंग येतच नाहीं. त्यांत अशुद्धि म्हणून असणाऱ्या ग्लायऑक्झिलिक आम्लामुळें तो येतो. मग प्रथिनांतील कोणता घटक हा रंग देतो, एवढा प्रश्न उरला. १९०१ सालीं हॉपकिन्स व त्यांचे सहकारी सिडनी कोल यांनीं दुधांतील केसीन स्वादुपिंडाच्या पाचकरसानें पचवून तो घटक शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. ट्रिप्टोफॅन हें नांव त्याला अगोदरच मिळालेलें होतें. वस्तु हातीं आली ती आतां. पुढें १९०६ सालीं एडिथ विलकॉक व हॉपकिन्स यांनीं कांहीं उंदरांना मक्यांतील झेइन या एकाच प्रथिनावर ठेविलें. झेइनमध्यें ट्रिप्टोफॅन नसतो. ते उंदीर लौकर मेले. ज्यांच्या अन्नांत ट्रिप्टोफॅन मिसळला होता त्यांचीहि वाढ झाली नाहीं, परंतु ते अधिक दिवस जगले. पोट भरलें म्हणजे पोषण झालें असें नव्हे, हा धडा जगाला देणाऱ्या प्रयोगांपैकीं हा एक होय.

या उंदरांचें दुर्दैव माणसांच्या वांट्यालाहि आलेलें होतें. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ सालीं एका रोगाचें वर्णन लिहून ठेविलें. तो मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या दरिद्री शेतकऱ्यांना होई. उन्हांत उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे पडत, अतिसार जडे, मन खचे, आणि शेवटीं बुद्धिभ्रंश होऊन रोगी दगावे. इटलींत या रोगाला पेलाग्रा हें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत त्याचा एवढा प्रादुर्भाव झाला कीं तो सांसर्गिक असावा अशी समजूत पसरली. १९१४ सालीं जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरांवर तपासाचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांच्या नजरेस एक साधी गोष्ट आली: वेड्यांच्या इस्पितळांत व अनाथालयांत रोग होई तो तेथील रहिवाशांना, त्यांच्यांत वावरणाऱ्या नोकरांना होत नसे. संसर्ग असा माणूस पाहून निवड करीत नाहीं. जेवणाचें ताट मात्र करतें. १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांनीं या रोगासारख्याच कुत्र्यांच्या रोगावर निकोटिनिक आम्ल हा उतारा शोधून काढला, आणि १९४५ सालीं त्यांच्याच प्रयोगशाळेंतून असें सिद्ध झालें कीं निकोटिनिक आम्लाचें काम ट्रिप्टोफॅनहि करूं शकतो. साधारणपणें साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून शरीर एक मिलिग्रॅम निकोटिनिक आम्ल तयार करतें.

आपल्या दख्खनच्या पठाराचा या कथेशीं संबंध येतो तो येथें. हैदराबादच्या पोषण-संशोधनशाळेंत, जी पुढें राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें प्रसिद्ध झाली, कोलुतुर गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांना ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळला. ज्वारींत ट्रिप्टोफॅन मक्याइतका अपुरा नाहीं. मग हें कां व्हावें? ज्वारींत ल्यूसीन नांवाचें दुसरें अमिनो आम्ल फार असतें व तें या व्यवहारांत अडथळा आणतें, असा तर्क त्यांनीं १९६० सालीं मांडला. तो पुढें सर्वमान्य झाला नाहीं; पण भाकरीसोबत वरण व दूध ज्याला मिळतें त्याला हा रोग होत नाहीं, हें निरीक्षण अबाधित राहिलें. अन्नांतील एका कणाच्या अभावानें मन बिघडतें आणि तो कण मिळतांच तें सुधारतें, हें पेलाग्रानें प्रत्यक्ष दाखविलें होतें. मनोविकाराचें दुसरें कोणतेंहि कोडें असेंच सुटेल, ही आशा त्यानंतर वाटूं लागली तर नवल नाहीं.

सेरोटोनिनचा शोध दोन निरनिराळ्या वाटांनीं लागला, आणि त्यांपैकीं एकहि वाट मेंदूकडे निघालेली नव्हती. इटलींत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३० नंतरच्या दशकांत आंतड्याच्या अस्तरांतील विशिष्ट पेशींमध्यें स्नायूंचें आकुंचन करणारा एक पदार्थ सांपडला. त्याला त्यांनीं एंटेरामीन म्हटलें. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें आयर्व्हिन पेज रक्तदाबाचें कारण शोधीत होते. रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवांत रक्तवाहिन्या आंवळणारें कांहीं तरी असतें व तें त्यांच्या प्रयोगांत व्यत्यय आणी. मॉरिस रॅपोर्ट व आर्डा ग्रीन यांच्या साहाय्यानें तो पदार्थ १९४८ सालीं वेगळा करण्यांत आला व त्याला सेरोटोनिन हें नांव मिळालें. दुसऱ्या वर्षीं रॅपोर्ट यांनीं त्याची रचना ठरविली, तेव्हां तो ट्रिप्टोफॅनचाच वंशज असल्याचें उघड झालें. १९५२ सालीं एंटेरामीन व सेरोटोनिन एकच, हें सिद्ध झालें. १९५३ सालीं बेटी ट्वारोग या तरुण विदुषीनें पेज यांच्या प्रयोगशाळेंत तोच पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मेंदूंत असल्याचें दाखविलें. त्याचा प्रचंड भाग, शेंकडा नव्वदांहून अधिक, आंतड्यांत असतो; मेंदूच्या वांट्याला येतो तो अल्पसा. परंतु त्या अल्पांशानें सर्वांचें लक्ष ओढून घेतलें. भ्रम उत्पन्न करणारें एलएसडी हें द्रव्य सेरोटोनिनच्या कार्याला विरोध करतें असें याच सुमारास दिसून आलें, आणि मधुमेहानें दृष्टि गेलेले रसायनशास्त्रज्ञ वेन वूली यांनीं १९५४ सालीं मनोविकारांचें मूळ सेरोटोनिनच्या बिघाडांत असावें असें अनुमान प्रसिद्ध केलें.

त्यानंतरच्या प्रकरणांतील मुख्य पात्र आपल्या ओळखीचें आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या देशांत वैद्य-हकिमांना पुरातन काळापासून ठाऊक होती. उत्तरेकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो असें लिहिलें. त्याच वर्षीं दिल्लींत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनीं मुळींतील एक द्रव्य वेगळें करून हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ त्याला अजमलीन नांव दिलें. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि तेथून पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसर्पीन हें द्रव्य निघालें; दोन वर्षांत अमेरिकेंत नेथन क्लाइन यांनीं तें मनोरुग्णांना देऊन पाहिलें. वकील व क्लाइन या दोघांनाहि १९५७ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें.

परंतु रक्तदाबासाठीं रेसर्पीन घेणाऱ्या कांहीं रोग्यांचें मन खचूं लागल्याच्या वार्ता येऊं लागल्या. १९५५ सालीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथें प्लेचर, शोर व ब्रॉडी यांनीं दाखविलें कीं रेसर्पीनमुळें शरीरांतील सेरोटोनिनचा सांठा रिता होतो. दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या कीं तिसरी आपोआप सुचावी अशीच ही स्थिति होती: सेरोटोनिन आटलें, मन खचलें, तस्मात् मन खचणें म्हणजे सेरोटोनिन आटणें. या तर्काला त्याच काळीं दोन ठिकाणीं तडा गेला होता. १९५५ सालींच लंडनमध्यें डेव्हिस व शेफर्ड यांनीं चिंता व खिन्नता यांनीं पीडित रोग्यांना रेसर्पीन देऊन पाहिलें, तों त्यांना त्याचा गुणच आला. १९५७ सालीं स्वीडनमध्यें आर्व्हिड कार्लसन यांनीं रेसर्पीननें निश्चेष्ट झालेल्या सशांना सेरोटोनिनचा पूर्वगामी पदार्थ दिला, तरी ते हलेनात. डोपामीनचा पूर्वगामी पदार्थ देतांच ते उठून बसले. रेसर्पीन एकट्या सेरोटोनिनचें नव्हे, आणखी दोन द्रव्यांचेंहि कोठार रितें करीत होतें. तरीहि मूळ अनुमान मागें पडलें नाहीं. विद्वानांच्या सभेंतहि सुटसुटीत गोष्टीला मान मिळतो.

औषधांच्या बाजूनें याच वर्षांत दोन अनपेक्षित लाभ झाले. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील क्षयरोग्यांच्या इस्पितळांत इप्रोनियाझिड हें नवें औषध १९५२ च्या सुमारास दिलें जात असतां रोगी विलक्षण उत्साही झाले. सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा नाश करणाऱ्या किण्वाला हें औषध रोखून धरतें असें आढळलें, आणि १९५७ सालीं क्लाइन यांनीं खिन्नतेच्या रोग्यांवर त्याचा गुण जाहीर केला. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील म्यून्स्टरलिंगेनच्या मानसोपचार रुग्णालयांतील रोलांड कून यांनीं, दुसऱ्याच रोगासाठीं हातीं आलेलें इमिप्रामीन खिन्नतेवर उपयोगी पडतें असें कळविलें. औषध सांपडलें आधीं. तें काम कसें करतें याचा विचार मागाहून झाला.

येथें ट्रिप्टोफॅन पुन्हां रंगभूमीवर येतो. सेरोटोनिन स्वतः रक्तांतून मेंदूंत शिरूं शकत नाहीं. ट्रिप्टोफॅन शिरूं शकतो. म्हणून इंग्लंडमध्यें अलेक कॉपन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६३ सालीं इप्रोनियाझिडच्या जातीच्या औषधासोबत ट्रिप्टोफॅन दिला आणि औषधाचा गुण वाढलेला पाहिला. १९६७ सालीं कॉपन यांनीं खिन्नतेच्या रसायनाचा विस्तृत आढावा घेऊन सेरोटोनिनची बाजू मांडली. अमेरिकेंत जोसेफ शिल्डक्राउट यांनीं १९६५ सालीं नॉरॲड्रिनलीनची बाजू घेतली होती. १९६९ सालीं लेनिनग्राडचे लापिन व ओक्सेनक्रुग यांनीं आणखी एक धागा जोडला: शरीरांतील बहुतेक ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनकडे जातच नाहीं, तो किन्युरेनीन नांवाच्या दुसऱ्याच वाटेनें खर्च होतो, शरीरावर ताण आला कीं ही दुसरी वाट रुंदावते व सेरोटोनिनचा वांटा घटतो. यांतील प्रत्येकानें आपलें म्हणणें अनुमान म्हणून मांडलें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

अनुमानाचें सत्यांत रूपांतर पुढें झालें, आणि त्यांत बाजाराचा हात मोठा होता. केवळ सेरोटोनिनवर काम करणारें झिमेलिडीन हें औषध स्वीडनमध्यें निघालें, परंतु मज्जातंतूंच्या गंभीर विकारामुळें तें १९८३ सालीं मागें घ्यावें लागलें. डिसेंबर १९८७ मध्यें अमेरिकेनें फ्लुओक्सेटीनला संमति दिली. जुन्या औषधांपेक्षां तें निर्धोक होतें. त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. रोग्यानें विचारलें, 'हें कशासाठीं?' कीं उत्तर तयार असे: 'तुमच्या मेंदूंत एक द्रव्य कमी पडलें आहे, तें हें भरून काढील.' जाहिरातींनीं हेंच वाक्य घरोघर पोंचविलें. दुकानांत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्याहि खुल्या विकल्या जात. पण १९८९ सालीं अमेरिकेंत त्या घेणाऱ्यांत स्नायूंच्या असह्य वेदनांचा एक नवा रोग उद्भवला. पंधराशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व तिसांहून अधिक दगावलीं. दोष मुख्यतः एका जपानी कारखान्यांतून आलेल्या मालाकडे गेला. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून केलेल्या उपचाराची ही किंमत होती.

कसोटीची वेळ त्यानंतर आली, आणि कसोटीचें साधनहि ट्रिप्टोफॅनच होतें. इतर सर्व अमिनो आम्लें असलेलें, पण ट्रिप्टोफॅन वगळलेलें पेय मनुष्याला दिलें तर कांहीं तासांत रक्तांतील ट्रिप्टोफॅन झपाट्यानें उतरतो. १९९० सालीं येल विद्यापीठांत पेड्रो डेल्गाडो व सहकाऱ्यांनीं औषधानें बरे झालेल्या एकवीस रोग्यांवर हा प्रयोग केला. त्यांपैकीं चौदांना त्याच दिवशीं खिन्नतेनें पुन्हां घेरलें, आणि नेहमींचें अन्न मिळाल्यावर ती ओसरली. अनुमानाचा हा विजयच वाटावा. पण पुढील प्रयोगांनीं चित्र बदललें. ज्यांना हा विकार कधीं झालाच नव्हता व ज्यांच्या कुटुंबांतहि तो नव्हता, अशा माणसांचें मन ट्रिप्टोफॅन उतरूनहि बहुधा ढळलें नाहीं. ज्यांना विकार होता पण औषध चालू नव्हतें, त्यांची खिन्नता अधिक वाढली नाहीं. सेरोटोनिन कमी होणें म्हणजेच विषाद असता, तर निरोग्यांना तो व्हावयास हवा होता आणि रोग्यांना तो बळावावयास हवा होता. एवढें मात्र ठरलें कीं सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधानें जो बरा झाला आहे, त्याची प्रकृति त्या द्रव्याच्या आधारावर उभी असूं शकते.

जुलै २०२२ मध्यें लंडनच्या जोआना मोनक्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विषयावरील पूर्वींच्या अनेक आढाव्यांचा एकत्र विचार करून निष्कर्ष काढला कीं खिन्नता सेरोटोनिनच्या कमतरतेनें होते याला सुसंगत पुरावा नाहीं. त्यावर मोठा वाद झाला. पुराव्याची मांडणी एकांगी आहे, सेरोटोनिनचा संबंध अजिबात नाकारतां येत नाहीं, असें दुसऱ्या पक्षानें पुढील वर्षीं उत्तर दिलें. तथापि 'एक द्रव्य कमी पडलें' ही सोपी कथा टिकत नाहीं, याबद्दल दोन्ही पक्षांत फारसा मतभेद उरलेला नाहीं.

मग औषधें निरुपयोगी ठरलीं काय? मुळींच नाहीं. २०१८ सालीं अँड्रिया चिप्रियानी व सहकाऱ्यांनीं एकवीस औषधांच्या ५२२ चांचण्या, म्हणजे १,१६,४७७ रोग्यांचे अनुभव, एकत्र तपासले. सर्व औषधें खोट्या गोळीपेक्षां सरस ठरलीं. सरासरीनें पाहतां गुण माफक होता, हें खरें; पण तो होता. ॲस्पिरिननें डोकें उतरतें, म्हणून डोकेदुखी ॲस्पिरिनच्या अभावानें होते असें कोणी म्हणत नाहीं. आणि तसें नाहीं म्हणून ॲस्पिरिन कोणी फेंकूनहि देत नाहीं. कारणाची उपपत्ति चुकली तरी उपचाराचा अनुभव चुकीचा ठरत नाहीं. वर्तमानपत्रांतील मथळा वाचून चालू औषध एकाएकीं सोडणें धोक्याचें आहे. तें कमी करावयाचें तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं व हळूहळू केलें पाहिजे.

आहाराविषयींहि हाच विवेक हवा. दूध, डाळी, अंडीं, तीळ, शेंगदाणे यांत ट्रिप्टोफॅन असतो. परंतु मेंदूच्या दारांत त्याला इतर अमिनो आम्लांशीं चढाओढ करून आंत शिरावें लागतें, आणि प्रथिनयुक्त जेवणांत हे स्पर्धकहि भरपूर असतात. केळ्यांत तर प्रत्यक्ष सेरोटोनिनच असतें. पण तें मेंदूपर्यंत पोंचत नाहीं. चौरस आहार प्रकृतीला हितकर आहेच. तो तीव्र विषादाचा उतारा आहे असें मात्र कोणीं समजूं नये.

या रसायनाच्या कथेनें एक उपकार केला, तो विसरून चालणार नाहीं. जो मनुष्य अंथरुणांतून उठूं शकत नव्हता, त्याला घरचे आळशी म्हणत. जी सून रडत बसे, तिला हट्टी किंवा नशिबाची फुटकी म्हणत. 'मेंदूंतलें द्रव्य कमी झालें आहे' या वाक्यानें त्यांच्या माथ्यावरील दोष उतरला. आतां तें वाक्य खरें नाहीं असें कळल्यावर पुष्कळ घरांत जुना दोष पुन्हां त्याच माथ्यावर ठेवण्याचा मोह होईल. तसें करणें अन्यायाचें होईल. कारण पूर्णपणें कळलें नाहीं म्हणून दुखणें खोटें ठरत नाहीं. गोल्डबर्गर यांनीं रोग्यांच्या ताटाकडे पाहिलें तेव्हां निकोटिनिक आम्लाचें काम कोणालाहि ठाऊक नव्हतें, आणि तरीहि रोगी खरोखरच मरत होते. विषादाच्या मुळाशीं आनुवंशिक प्रकृति, बालपणचे आघात, शरीराचे आजार, एकटेपणा, दारिद्र्य व मेंदूंतील अनेक द्रव्यांचा व्यवहार अशा किती तरी गोष्टी गुंतलेल्या आहेत. त्यांतील एकच उचलून तिला सर्वस्व मानण्याची घाई काळ्या पित्ताच्या वेळींहि झाली व सेरोटोनिनच्या वेळींहि झाली. घरांतील माणसानें तीन वाजतां जागून काढलेल्या रात्रीविषयीं सांगितलें, तर आधीं त्यावर विश्वास ठेवावा आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावें. कारणाची चर्चा त्यानंतरहि होऊं शकते.